साहेब युनियनच्या कामाला गेलेत

सरकारी खिडकीवर मिळणाऱ्या उत्तरांची एक उतरंड असते. 'सर्व्हर डाऊन आहे' हे सगळ्यांत तळाचं. त्यात निदान यंत्राला दोष देण्याचं सौजन्य असतं. 'साहेब मीटिंगला गेलेत' हे मधलं. आणि 'ते युनियनच्या कामाला गेलेत' हे सगळ्यांत वरचं. त्यावर अपील नाही. सर्व्हर कधी ना कधी वर येतो, मीटिंग बिस्किटं संपली की संपते. युनियनचं काम संपल्याचं मात्र अजून कुणाच्या ऐकिवात नाही.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ही कामं करणारी माणसं कुठल्याही सरकारी आवारात भेटतात. आपण त्यांना 'भाऊ' म्हणू. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही तेच लिहिलेलं असतं. भाऊंची नेमणूक कुठल्या पदावर झाली होती हे आस्थापना विभागाला ठाऊक असतं, आणि ते पद पुन्हा उजेडात येतं ते थेट पेन्शनच्या कागदांवर. मधल्या काळात भाऊ रोज सकाळी न चुकता थम मारतात. अंगठा कार्यालयात, बाकीचे भाऊ समाजात.

भाऊंना खोली असते. खोलीला दार, दाराला कुलूप, आत कूलर, फोन, प्रिंटर, चहा आणून देणारा शिपाई. यातलं सगळं कार्यालयाचं. फक्त लेटरहेड संघटनेचं, कारण स्वाभिमान म्हणून काही असतोच की. सभासदांची वर्गणी गोळा करण्याचा व्यापही भाऊंना नाही. ती पगारातून आपोआप कापली जाते. केंद्र सरकारने तर १९९३च्या नियमांतच तशी तरतूद करून ठेवली आहे. म्हणजे ज्या मालकाशी लढायचं, त्यानेच लढाईची वर्गणी वसूल करून, हिशेब लावून, बँकेत भरून द्यायची. एवढी सोय औरंगजेबाला सुचली असती तर त्याला दख्खनमध्ये पंचवीस वर्षं तंबू ठोकून बसावं लागलं नसतं. दर महिन्याच्या एक तारखेला मराठे आपणहून रांगेत उभे राहिले असते.

कायद्याला हा धोका माहीत होता. महाराष्ट्राने १९७१ साली कामगार संघटनांच्या मान्यतेचा कायदा केला. तीस टक्के सभासद दाखवा, मान्यता घ्या, सूचनाफलक लावा, पगार वाटतात तिथे वर्गणी गोळा करा, आवारात कामगारांशी बोला, असे हक्क त्याने मान्यताप्राप्त युनियनला दिले. आणि त्याच कायद्याच्या परिशिष्टात मालकाच्या अनुचित प्रथांची यादी देताना लिहून ठेवलं की मालकाने कुठल्याही युनियनला पैशाने वा अन्य प्रकारे पाठबळ देता कामा नये. कारण उघड आहे. मालकाने पोसलेली युनियन मालकाच्याच ताटाखालचं मांजर होते. खासगी कारखान्यात अशा युनियनला कामगार तोंडावर 'मालकाची युनियन' म्हणतात. सरकारी कार्यालयात मालक कोण हेच कुणाला नीट आठवत नसल्यामुळे ते नाव तिथे रुळलं नाही.

मालक म्हणजे तुम्ही. ज्या पिंपरी-चिंचवडने अवैध बांधकामांवरची शास्तीकर नावाची शिक्षा वर्षानुवर्षं सोसली, त्या शहराच्या मिळकतकरातून भाऊंचा कूलर चालतो. आता कुणी म्हणेल, कूलरला किती वीज लागते? बरोबर आहे. प्रश्न कूलरचा नाहीच. युनियनला वेळ लागतो, जागा लागते. आठ तास टेबलावर बसून रात्री अकरा वाजता आयुक्तांशी वेतनकरार करा, असं कुणी शहाणा माणूस सांगणार नाही. मोठ्या खासगी कंपन्याही करार करून पदाधिकाऱ्यांना मोकळीक देतात. पण तिथला मालक कुणाला, किती तास, कशासाठी हे वहीत लिहितो. आमच्या वहीत फक्त 'हजर' लिहिलेलं असतं.

केंद्र सरकारला निदान आकड्यांची आवड आहे. मान्यताप्राप्त संघटनेच्या पदाधिकाऱ्याला वर्षाला वीस दिवसांची विशेष नैमित्तिक रजा, असा त्यांचा नियम. वीस म्हणजे वीस. पण भाऊंच्या तोंडावर ही संख्या उच्चारून पाहा. ते प्रेमाने विचारतील, 'वीस कशाचे? महिन्याचे?'

परदेशात मात्र या मोजदादीचं वेडच आहे. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने फेडरल कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत युनियनचं काम करायची मुभा दिली आणि सरकार त्याचे तास मोजत बसलं. २०१६च्या आर्थिक वर्षात सुमारे ३६ लाख तास, खर्च सुमारे १७ कोटी ७० लाख डॉलर. मग त्यावर रण माजलं. ट्रम्प यांनी २०१८मध्ये कात्री लावली, बायडेन यांनी २०२१मध्ये ती काढून घेतली. कुणाची बाजू खरी ते सोडा, भांडायला त्यांच्याकडे आकडा तरी होता. ब्रिटनने २०१७मध्ये सार्वजनिक संस्थांना दरवर्षी तक्ता छापायला लावला: किती प्रतिनिधी, कामाचा किती वेळ, पगारखर्चातला किती वाटा. सगळा वेळ युनियनलाच देणाऱ्यांसाठी त्या तक्त्यात वेगळी ओळ होती. ती वाचली तर आमचे भाऊ त्या ओळीला अभिवादन करतील.

आपल्याकडे वेगळा काळ होताच. १४ डिसेंबर १९७७ला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी संप पुकारला. र. ग. कर्णिक नेते, मुख्यमंत्री वसंतदादा पाटील. संप ५४ दिवस चालला. त्या दिवसांत कारकुनांच्या घरी वाण्याची उधारी वाढली आणि दागिने सोनाराकडे गेले, ते कुणाच्या कार्यालयीन खर्चातून नव्हे. चाकणमध्ये २०१३च्या जूनअखेर बजाज ऑटोच्या कामगारांनी काम थांबवलं. एक रुपयाला एक याप्रमाणे प्रत्येकाला कंपनीचे पाचशे शेअर द्या, अशी एक मागणी होती. ती आठवली की त्या पट्ट्यातल्या व्यवस्थापकांना अजून ठसका लागत असेल. पन्नासेक दिवसांनी संप विनाअट मागे घ्यावा लागला. हरले, पण स्वतःच्या पगारावर हरले. भाऊ कधीच हरत नाहीत. हरण्यासाठी आधी काहीतरी पणाला लावावं लागतं.

पोसण्याचा फायदा काय, हे देहूरोडच्या बाजूला गेलं की कळतं. २०२१मध्ये दारूगोळा कारखान्यांच्या कंपन्या झाल्या. देहूरोडचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे गेला. कर्मचारी संघटना संपाच्या तयारीत होत्या, तेव्हा सरकारने त्याच वर्षी संपावर बंदी घालण्याचा अधिकार देणारा कायदाच करून टाकला. युनियनच्या खोलीच्या किल्ल्या मात्र कुणी मागितल्या नाहीत. खोली ठेवा, कुलूप ठेवा, सूचनाफलक तर ठेवाच. फक्त संप तेवढा आमच्याकडे द्या.

भाऊंच्या बाजूने मात्र एक मुद्दा मांडायलाच हवा. मार्च २०२२मध्ये पिंपरी-चिंचवडच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात महापालिकेच्या इमारतीत मतं मागून आलेलं कुणी असेल तर ते कर्मचारी संघटनेचे पदाधिकारी. १९८२ साली स्थापन झालेल्या, श्रीमंतीचा टेंभा मिरवणाऱ्या महापालिकेत लोकशाही टिकली ती युनियनच्या खोलीत. ती जगवायला थोडी वीज जळली, तर मतदारांनी कुरकुर करू नये.

कुरकुर करायचीच तर इमारतीबाहेरच्या बाईने करावी. पहाटे रस्ता झाडणारी ही बाई ठेकेदाराची माणूस. तिचा पगारही तुमच्याच करातून निघतो, फक्त वाटेत ठेकेदाराच्या खिशात जरा विसावा घेतो. भाऊंच्या संघटनेत तिला जागा नाही, कारण ती आस्थापनेवर नाही. तिने आपली युनियन काढायची म्हटलं तर तिला खोली नाही, फलक नाही, 'ऑन ड्युटी' तर नाहीच. एक दिवस सभेला गेली तर त्या दिवसाची मजुरी गेली, आणि दोन दिवस गेली तर मुकादम तिसऱ्या दिवशी दुसरीच बाई उभी करतो. चाकणच्या फाटकातला ट्रेनी पोरगाही याच रांगेत. युनियन हा शब्द तो तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये, कंपनीची बस अडकल्यावर, खिडकी लावून उच्चारतो. सरकारी पैशाने युनियन चालवायचीच असेल तर पहिली खोली या दोघांना का देऊ नये, असं मी भाऊंना विचारलं. भाऊ म्हणाले, 'विषय गंभीर आहे, आपण निवेदन देऊ.' निवेदन अजून प्रिंटरमध्ये आहे. प्रिंटरचा टोनर कार्यालयाकडून यायचाय.

२१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. वाटाघाटीचा एकट्याने हक्क हवा असेल तर आता ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागेल, आणि अशा युनियनला मालकाने काय सोयी द्यायच्या ते नियमांनी ठरेल. नियम करणाऱ्यांना माझी एकच छोटी सूचना. मस्टरमध्ये हजर, गैरहजर आणि रजा यांच्या शेजारी 'युनियन' असा एक रकाना वाढवा. आत तास लिहा, वर्षाच्या शेवटी बेरीज करून सूचनाफलकावर लावा. फलक आहेच.

भाऊंना ही सूचना अपमानास्पद वाटली. त्या रकान्यातली पहिली नोंद काय असेल तेही मग ठरूनच गेलं: रकान्याच्या निषेधार्थ द्वारसभा, दुपारी साडेबारा ते अडीच.