सावलीतला आकडा

वैशाखात आमच्या घरी एक नियम असतो. टीव्हीवर हवामानाच्या बातम्या लागल्या की कुणी बोलायचं नाही. चंद्रपूर, अकोला, जळगाव, परभणी... निवेदिका एकेक गाव घेत जाते आणि आमचे तात्या कीर्तनाला बसल्यासारखे पुढं पुढं सरकतात. बीडचं नाव कधी येतं, कधी येत नाही. परळीचा नंबर त्याहून कमी वेळा लागतो. आणि सिरसाळा? सिरसाळ्याचा आकडा मी तरी आजवर कुठल्या बातमीत ऐकलेला नाही. बातम्या संपल्या की तात्या रिमोट बाजेवर टाकतात आणि विचारतात, "आपल्यात काय चांदणं पडायलंय का रं?"

तात्यांचं दुःख मला कळतं. माणसानं दिवसभर भाजून निघायचं आणि रात्री त्याची साधी नोंद नाही. दुष्काळ पडला तर आणेवारी निघते, गारपीट झाली तर पंचनामा होतो. उन्हाचा पंचनामा करायला कोण येतं? म्हणून गावानं स्वतःपुरती एक पद्धत बसवली आहे. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, तिथं तापमान मोजतात, ते पेपरात छापून येतं. तो आकडा घ्यायचा आणि त्यात दोन मिळवायचे. परभणी ४३ तर सिरसाळा ४५. हे दोन कुठून आले, असं मी एकदा पारावर विचारलं. उत्तर आलं, "परभणीला झाडं हायत."

यावर उपाय म्हणून मी गेल्या वैशाखात परळीच्या बाजारातून भिंतीवर लावायचा एक तापमापक आणला. लाकडी पट्टी, काचेची नळी, आत लाल रंगाचं काहीतरी. त्याला गावात सगळे पाराच म्हणाले आणि मीही वाद घातला नाही. दुकानदारानं गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून आधीच सांगून टाकलं, "पन्नासच्या पुढं नाही जात हे." मोठ्या गावाला छोटं धोतर घेतल्यासारखं मला उगीच लाजल्यासारखं झालं.

घरी आल्याबरोबर तात्यांनी तो हातातून घेतला आणि थेट पडवीच्या पत्र्याला बाहेरून टांगला. दुपारचा एक वाजला होता. लाल रेघ अशी सरसर चढली की बघता बघता पन्नासावर जाऊन टेकली आणि जागा संपली म्हणून थांबली. तात्यांचा चेहरा मुलगा बोर्डात आल्यासारखा उजळला. दहा मिनिटांत गल्ली गोळा झाली. कुणी फोटो काढला, कुणी तो फोटो पुण्याच्या पोराला पाठवला. पुण्याच्या पोरानं उलट विचारलं, "पत्र्याला कामून टांगलाय?" शिकलेली पोरं अशी घरचा आनंद घालवतात.

मग शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आले. त्यांनी पट्टी काढून हातात घेतली, चष्मा वर केला आणि सगळ्यांचा उत्साह पंधरा मिनिटांत थंड केला. म्हणाले, "हे पत्र्याचं तापमान आहे, हवेचं नाही. हवेचं तापमान सावलीत मोजतात." हवामान खात्याची एक पांढरी लाकडी पेटी असते. तिला चारी बाजूंनी झरोक्याच्या फळ्या असतात, वारं आत जातं पण ऊन जात नाही. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर तापमापक ठेवतात. ही पेटी स्कॉटलंडच्या थॉमस स्टीव्हन्सननं काढली. तो दीपगृहं बांधणारा इंजिनिअर होता आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा. 

"म्हंजी," तात्या हळूच म्हणाले, "पेटी सावलीत, मानसं उन्हात, आन् आकडा पेटीचा?"

गुरुजी गप्प झाले. त्यांच्या नोकरीच्या तीस-पस्तीस वर्षांत बहुधा हा प्रश्न त्यांना कुठल्या विद्यार्थ्यानं विचारला नव्हता.

पण गुरुजी हरणारे नव्हेत. जाता जाता त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. ज्या सेल्सिअसच्या नावानं आपण हे अंश मोजतो, त्यानं १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली ती उलटी होती. पाणी उकळतं तिथं शून्य आणि बर्फ वितळतो तिथं शंभर. पुढं ती लोकांनी सुलटी केली. मी लगेच हिशेब केला. तीच पट्टी राहिली असती तर आमचे ४४ म्हणजे ५६ झाले असते आणि ऊन वाढेल तसा आकडा उतरत गेला असता. "उष्म्याचा कहर, पारा घसरला" अशी बातमी वाचून तात्यांचं काय झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही.

गुरुजींच्या शास्त्राप्रमाणे मग तापमापक अंगणातल्या लिंबाखाली आला. तिथं रेघ ४३ वर थांबली. गल्लीत कुजबुज झाली की शहरातून आणलेल्या वस्तू अशाच निघतात.

आता आमच्याकडं उन्हाचे जुने जे तापमापक आहेत ते काचेचे नाहीत. आजीला विचारा. कोंबडीनं चोच उघडी टाकून पंख अंगापासून लांब धरले की चाळीस. कुत्रं माठाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडलं आणि भाकरी दाखवली तरी उठलं नाही की बेचाळीस. हापशाच्या दांड्याला फडकं गुंडाळावं लागलं, डांबरी रस्त्यानं चप्पल धरून ठेवली, की त्याच्या पुढचं. आणि माळवदाच्या घरातला माणूस पत्र्याच्या घरातल्या माणसाकडं दयेनं बघायला लागला, की समजायचं आता मृगापर्यंत काही खरं नाही. आमच्या वडिलांनी मोठ्या हौसेनं माळवद पाडून पत्रे टाकले तेव्हा गावानं त्यांचं कौतुक केलं होतं. आज त्याच गावातले माळवदवाले दुपारी दार लोटून घोरतात आणि आम्ही प्रगतीखाली शिजत पडतो.

ऊन कुणालाच नको असतं, हाही एक शहरी गैरसमज आहे. आमच्या काकूला विचारा. गव्हाचा चीक शिजवून तिनं पहाटे कुरडया घातल्या की तिची नजर आकाशाकडं असते. एखादा चुकार ढग आला तरी ती त्याला नाव ठेवते. तापमापक ४३ वर गेला तेव्हा सगळ्या गल्लीत एकटी तीच समाधानानं म्हणाली, "संध्याकाळपत्तूर कडक होत्यात बग."

आणि लग्नं! मराठवाड्यात लग्नाचा मुहूर्त कोण काढतं आणि त्याचं आमच्याशी काय वैर आहे, हे मला समजलेलं नाही. मे महिना, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं. गेल्या वर्षी पाहुण्यांतल्या एका लग्नात नवरदेव परण्या निघाला तेव्हा तीन कपड्यांचा सूट घालून घोड्यावर बसला होता. सूट बहुधा काश्मीरमधल्या लग्नासाठी शिवलेला असावा. मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायला त्याला दीड तास लागला, कारण पुढं मित्र नाचत होते. मंडपात परत आला तेव्हा मंगलाष्टकं चालू असतानाच त्याच्या मामानं अंतरपाटाखालून त्याला ताकाचा पेला दिला. "सावधान" म्हणताना भटजींचा आवाज खरोखर काळजीचा वाटत होता.

या लग्नाला मुंबईहून आमचा आतेभाऊ आला होता. तो म्हणाला, "आमच्याकडेही उष्णतेची लाट होती, सदतीस गेलं होतं." मंडपात हशा पिकला. सदतीस म्हणजे आमच्याकडं पोरांना खेळायला बाहेर सोडण्याचं तापमान. पण गुरुजींनी इथंही शास्त्र आणलं. म्हणाले, लाट ठरवायचे हवामान खात्याचे निकषच वेगळे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० पाहिजे, डोंगराळ भागात ३०, किनाऱ्यावर ३७, आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त पाहिजे. मैदानात ४५ गेलं तर मग सरासरी बघत नाहीत, सरळ लाट. "किनाऱ्याला दमट हवा असते, घाम वाळत नाही," गुरुजी म्हणाले, "अंग गार होतं ते घाम आल्यानं नाही, घाम वाळल्यानं." तात्यांनी एवढंच ऐकलं की मुंबईला तीन अंशांची सवलत आहे. त्या दिवसापासून मुंबईबद्दल त्यांच्या मनात जे थोडंफार होतं तेही गेलं.

घाम वाळण्याच्या याच तत्त्वावर माठ चालतो आणि कूलरही. पाणी झिरपतं, वाळतं, वाळताना उष्णता घेऊन जातं. म्हणून आमच्या कोरड्या हवेत कूलर म्हणजे देव. फक्त या देवाला दोन नैवेद्य लागतात, पाणी आणि वीज. विजेचं म्हणाल तर आमच्या तालुक्याचं ठिकाण म्हणजे परळी वैजनाथ. तिथं ज्योतिर्लिंग आहे आणि औष्णिक वीज केंद्रही आहे. वीज आमच्या शेजारी तयार होते, तारांवरून आमच्या डोक्यावरून जाते आणि दुपारी दोन वाजता आमचा कूलर बंद असतो. पण वीज केंद्राला तरी किती बोलायचं? फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळात ते केंद्रच पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि विजेचा घसा कोरडा पडला. म्हणजे कूलरला वीज पाहिजे, विजेला पाणी पाहिजे, पाण्याला मोटार पाहिजे आणि मोटारीला पुन्हा वीज. दुपारी बंद कूलरसमोर बसून हा गोल फिरत राहिलं की तेवढाच वारा लागतो.

तर तापमापक. चार दिवस त्याचं अप्रूप टिकलं. सिरसाळ्याचा अधिकृत आकडा काढायचाच, अशा जिद्दीनं मी तो पिशवीत घालून गावभर हिंडलो. रसवंतीच्या छपराखाली ४१. बसथांब्यावर ४४. किराणा दुकानात ४२, पण दुकानदार म्हणाला, "पंख्याखाली बगा," तिथंही ४२. पंखा हवा गार करत नाही, आहे तीच हवा फिरवतो, हे त्याला पटलं नाही. त्यानं पंखाच बिघडल्याचं ठरवलं.

पाचव्या दिवशी मी गावाबाहेरच्या वीटभट्ट्यांकडं गेलो. आमच्या भागात विटांचा धंदा मोठा. गावातून बाहेर पडलं की थापलेल्या कच्च्या विटांच्या रांगा आणि धुमसणाऱ्या भट्ट्या दिसतात. मला वाटलं, रेकॉर्ड होणार ते इथंच. राजस्थानात फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ अंश झालं होतं, ते मनात होतंच. भट्टीपासून वीस पावलांवर मी पट्टी उघड्यावर धरली आणि लाल रेघ पुन्हा पन्नासावर जाऊन अडली.

विटा थापणारी एक बाई तोंडावरचा पदर बाजूला करून बघत होती. पहाटे अंधारातच त्यांचं काम सुरू होतं. मजुरी हजार विटांवर. ऊन पाहिजेच, नाही तर कच्च्या विटा वाळायच्या कशा? अगदी काकूच्या कुरडयांसारखं. फरक इतकाच, की काकू वाळवण घालून घरात येते.

"काय मोजायलाव, भाऊ?"

"ऊन."

"मोजून काय व्हतंय?"

मी तिला सगळं सांगितलं. लाट कशाला म्हणतात, किती अंशांना म्हणतात, दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका असं सरकार सांगतं. तिनं चिखलाचा हात साच्यावर ठेवून नीट ऐकून घेतलं.

"मंग कितीवर सुट्टी हाय?"

मी पट्टीकडं पाहिलं. तिच्यावर उणे तीसपासून पन्नासपर्यंत सगळे आकडे होते, तेवढा एक नव्हता.

"तसं काही नसतं," मी म्हणालो.

"मंग आमच्या काय कामाचं ते," ती म्हणाली. रागानं नाही, बाजारात कांदा किडका निघाला म्हणावं तसं.

थोडं पलीकडं बाभळीला झोळी बांधलेली होती. आत लेकरू झोपलं होतं. बाईनं पट्टी माझ्या हातातून घेतली आणि झोळीच्या आत, लेकराच्या पायाशी टेकवली. ४२. मग तिनं घागरीतलं पाणी जुन्या लुगड्याच्या धडप्यावर ओतलं, ते पिळलं आणि वाऱ्याच्या बाजूला झोळीवरून सोडलं. आम्ही दोघंही बघत उभे राहिलो. लाल रेघ हळूहळू उतरायला लागली. एकेचाळीस, चाळीस, अडतीस. सदतीसवर थांबली. मी आणल्यापासून कुणी ती रेघ मुद्दाम खाली आणताना पहिल्यांदाच पाहत होतो. इतके दिवस मी तिला फक्त चढवत होतो.

"हे ऱ्हाऊ द्या हितं," ती म्हणाली. "धडपं कवा वाळलं ते कळंल. काम टाकून सारकं बगाया यावं लागतंय."

मी तापमापक तिथंच ठेवून आलो.

रात्री बातम्या झाल्या. परभणी ४४. तात्यांनी रिमोट बाजेवर टाकला आणि आशेनं माझ्याकडं वळले. पाच दिवसांच्या संशोधनानंतर गावाचा आकडा आज जाहीर व्हायचा होता. बाजूच्या बाजेवरून काकू, दारात शेजारी, सगळे कान देऊन होते.

"मग? आपला किती?"

"सदतीस," मी म्हणालो.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कूस बदलता बदलता पुटपुटले, "गावाची इज्जत घालवली भाड्यानं. आपण काय मुंबईला ऱ्हातो का?"