साडेपाच तासांची कैफियत

हॅरो, लंडन
नोव्हेंबरचा पहिला शनिवार

तीर्थरूप नानांस,
बाळचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

गेल्या रविवारी आपला फोन आला तेव्हा माझ्या तोंडून जे उद्गार निघाले ते वडिलांशी बोलण्याचे नव्हते, हे मला कबूल आहे, परंतु त्यावर "ज्यांनी आम्हाला घड्याळ लावायला शिकवले त्यांच्या देशात राहून तू अकरा वाजता घोरतोस?" असा जो सवाल आपण केलात, तो सौ.ने ऐकला आणि तेव्हापासून या घरात माझी अब्रू म्हणून काही उरलेली नाही. आपली सारी हयात मामलेदार कचेरीत गेली असल्याने तोंडी जबाब आपल्यापुढे टिकणार नाही, हे ओळखून ही लेखी कैफियत सादर करीत आहे.

हकीकत अशी की, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता येथील घड्याळे एक तास मागे घेतली जातात. त्यामुळे शनिवारपर्यंत आपल्या अकराला येथे साडेसहा वाजत असत, तेथे रविवारी साडेपाचच वाजले होते. मार्चअखेर रयतेकडून एक तास उसना घ्यायचा आणि ऑक्टोबरात तो बिनव्याजी परत करायचा, असा हा सरकारी व्यवहार आहे. तो विल्यम विलेट नावाच्या घरे बांधणाऱ्या गृहस्थाने 1907 मध्ये पत्रक काढून सुचविला. उन्हाळ्यात सकाळी घोड्यावरून रपेट करताना, उन्हे वर आली तरी शेजारीपाजारी पडदे ओढून निजलेले आहेत, हे पाहून त्याला फार वाईट वाटे. पार्लमेंटने त्याला दाद दिली नाही. 1915 मध्ये तो वारला, आणि पुढच्याच वर्षी महायुद्धात कोळसा वाचावा म्हणून त्याची सूचना अमलात आली. दुसऱ्याच्या झोपेवर डोळा ठेवणारी माणसे सर्व देशांत असतात. मी कोणाचे नाव घेत नाही.

आमच्या घरी भिंतीवरचे घड्याळ मी फिरवतो. ओव्हनवरचे फिरविण्याची युक्ती ज्या पुस्तिकेत होती ती हरवल्यामुळे ते बारा महिने उन्हाळी वेळ दाखविते. सौ. दोहोंकडे पाहत नाही. कुकरच्या शिट्टीला उन्हाळा-हिवाळा नसतो, असे तिचे मत आहे.

आता कायद्याचा मुद्दा. पूर्वी येथे प्रत्येक गावाचा सूर्य वेगळा आणि म्हणून घड्याळही वेगळे होते. आगगाडी आल्यावर रेल्वेने सर्वत्र ग्रीनिचची वेळ चालू केली, पण गावांनी ती सुखासुखी मान्य केली नाही. 1858 साली डॉर्चेस्टर येथे एका दाव्याची सुनावणी सकाळी दहाला ठेवली होती. कोर्टातल्या ग्रीनिचच्या घड्याळात दहा वाजून गेले, प्रतिवादीचा पत्ता नाही, म्हणून न्यायाधीशांनी त्याच्याविरुद्ध निकाल देऊन टाकला. आणि इतक्यात तो धापा टाकीत नव्हे, चांगला रमतगमत आत आला, कारण डॉर्चेस्टरचा सूर्य ग्रीनिचच्या सुमारे दहा मिनिटे मागे असल्यामुळे गावच्या घड्याळात दहा वाजलेच नव्हते! वरच्या कोर्टाने त्याचे म्हणणे ग्राह्य धरून फेरसुनावणी फर्माविली: दहा म्हणजे त्या ठिकाणचे दहा. हा नजीर माझ्या कैफियतीस तंतोतंत लागू पडतो, याची नोंद व्हावी. ग्रीनिचची वेळ कायद्याने सबंध देशाची झाली ती पुढे 1880 मध्ये. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात मात्र अद्याप रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी घंटेचे 101 टोले पडतात, कारण ऑक्सफर्डच्या जुन्या वेळेप्रमाणे तेव्हा नऊ वाजतात.

नाना, सर्वांत मौजेची गोष्ट रूथ बेलव्हिल या बाईंची. त्या लंडनमध्ये वेळ विकीत. आपल्याकडे गवळी रतीब घालतो त्याप्रमाणे या बाई ग्रीनिचच्या वेधशाळेत जाऊन, जॉन अरनॉल्ड या कारागिराने घडविलेले आपले घड्याळ तपासून घेऊन, दाखला बरोबर बाळगून शहरभर गिऱ्हाइकांकडे जात, आणि त्यांनी आपली घड्याळे त्यावरून लावून घ्यावीत म्हणून वर्षाकाठी वर्गणी आकारीत. हा धंदा वेधशाळेत नोकरीस असलेल्या त्यांच्या वडिलांनी 1836 मध्ये सुरू केला, मग आईने चालविला. तारेने वेळ पुरविणाऱ्या एका कंपनीच्या अधिकाऱ्याने 1908 मध्ये जाहीर भाषणात या जुनाट पद्धतीची टर उडविली, तर बाईंची गिऱ्हाइके उलट वाढली. फोनवर वेळ सांगण्याची सोय 1936 मध्ये झाली, तरी त्या 1940 पर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत, फेरी करीत होत्या. त्या हयात असत्या तर मी आपल्या नावे त्यांची वर्गणी भरली असती.

आणि ज्या बिग बेनची आपण मला उदाहरणे देत आलात, त्याची अंदरकी बात ऐका. लंबकावर जुन्या पेनीची नाणी रचून ते घड्याळ सुधारले जाते. एक नाणे वाढविले की दिवसाला सुमारे दोन-पंचमांश सेकंदाने त्याची चाल वाढते. एवढी काटेकोर व्यवस्था, पण 1949 मध्ये साळुंकीच्या जातीतल्या पाखरांचा थवा मिनिटकाट्यावर बसला आणि साम्राज्याची वेळ साडेचार मिनिटे मागे पडली.

आपण तरी आम्हाला काय म्हणून बोलावे? 1906 मध्ये हिंदुस्थानला प्रमाणवेळ मिळाली, आणि मुंबई तिच्यामागे 39 मिनिटे राहून आपली जुनी वेळ 1955 पर्यंत सांभाळीत बसली. आपले बालपण त्याच मुंबईत, गिरगावात गेले. चाळीतले घड्याळ एक सांगे आणि स्टेशनातले दुसरे, आणि शाळेला उशीर झाला की कोणते पुढे करायचे हे आपणच आम्हाला रंगवून सांगितले आहे. मावशीकडे टिळक पंचांग आणि आपल्याकडे दाते, त्यामुळे एखाद्या अधिक महिन्याच्या वर्षी तिचा गणपती आपल्या महिनाभर आधी विसर्जन पावतो, हेही या कैफियतीस जोडावे.

ती. आईस साष्टांग नमस्कार. चकल्या पोचल्या, दोन दिवसांत निकाली निघाल्या.

तरी मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फोन कृपा करून दुपारी बाराला करावा. त्या दिवसापासून पुन्हा अकराला.

आपला आज्ञाधारक,
बाळ