अडतीस मार्कांचं घोरणं

आमच्या जळगावच्या घरात आप्पांच्या घोरण्याला आजार म्हणायची कुणाची टाप नव्हती. ते घराचं वैभव होतं. उन्हाळ्यात आप्पा गच्चीवर झोपले की सकाळी शेजारी विचारत, "रात्री रावेरहून केळीचा ट्रक आला होता का?" धुळ्याचे मामा मुक्कामाला आले की हेवा करत, "दाजीस्ले कसली गाढ झोप शे! नशीब लागस."

एवढं नशीब असूनही आप्पा दिवसभर पेंगत. गेल्या हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीत हातात कळण्याची पुरी धरून ते बसल्या जागी झोपले. 'भरिताचा गुण' असा निकाल लागला. पण एकदा मोटरसायकलवर धुळ्याला जाऊन आल्यावर ते म्हणाले, "एरंडोल सोडल्याचं आठवतं, पारोळा कधी आलं, ते काही आठवत नाही." मग मात्र आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

"रात्री खोलीत कोण असतं?" डॉक्टरांनी विचारलं. सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"घोरतात त्याचं काही नाही हो," आई म्हणाली, "थांबतात त्याचं बघा. थांबले की मी विठ्ठल विठ्ठल म्हणते. कधी बारा होतात, कधी वीस. मग कोपर मारते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे कलते आणि वाट बंद होते. छाती ओढत राहते, हवा येत नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो. शेवटी मेंदूच माणसाला हलवून क्षणभर उठवतो. माणसाला त्याचा पत्ताही नसतो. असा श्वास दहा सेकंद अडला तरी तो आजाराच्या हिशेबात धरतात. आई विसापर्यंत मोजत होती. आणि आम्ही? घोरणं थांबलं की 'सुटलो एकदाचे' म्हणून कूस बदलत होतो. 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा टीव्हीवर याच आजाराचं नाव सांगितलं होतं. आम्ही मात्र त्यांच्या अंगावरच्या सोन्याचा भाव काढत बसलो होतो.

तपासणी झाली. तासाला सरासरी 38 वेळा अडथळा. मामांना फोन केला. "आडतीस? मंग पास व्हयनात ना!" इथे तिसाच्या वर गेलं की आजार गंभीर, हे समजावताना माझाच श्वास अडकला.

यंत्र आलं. ते नाकावाटे दाबानं हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवतं. 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय पुढे आणला. पहिल्या जुळणीत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी फिरवली होती म्हणतात. हे ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे घरातला केर यांच्या नाकात?" मास्क लावलेल्या आप्पांना नातू गणपती म्हणू लागला. वीज गेली की अख्खं घर पंख्याआधी आप्पांकडे धावू लागलं.

आता आप्पा पारोळाच काय, मुकटीसुद्धा जागेपणी ओलांडतात. एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर अंधारात आईचं विठ्ठल विठ्ठल चाललेलं. माझ्या पोटात गोळा आला. "आई, पुन्हा थांबले का?"

"नाही रे," ती म्हणाली, "आज नुसतंच नाव घेतेय. मोजत नाहीये."