उपरण्याखालचा हात

माणसानं माणसाला नेमकं कुठं धरावं, याचा इंग्रजांनी फार बारकाईनं विचार केलेला आहे. शेक्सपिअरच्या शायलॉकला अँटोनिओ एकदा कमरेवर सापडायला हवा असतो. हा सरळ कुस्तीतला हिशेब. गडी कमरेवर घेतला की पुढं नुसती माती; आपल्या तालमीत ढाक मारतात ती अशीच. मुष्टियुद्धवाल्यांनी तर समोरच्याचं मुंडकं काखेत दाबायच्या पकडीला 'चॅन्सरी' असं नाव दिलं, लंडनच्या त्या नावाच्या कोर्टावरून. त्या कोर्टात गेलेला दावा लवकर बाहेर यायचा नाही. बांधाच्या भांडणात दोन-दोन पिढ्या तारखा केलेल्या शिरूर-दौंडच्या वाचकांना हे अधिक फोडून सांगायला नको.

मी शिरूरला इंग्रजी शिकवतो. घोडनदीच्या काठच्या या गावात एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारची छावणी होती, म्हणून आपल्याकडं इंग्रजी घोड्यावर बसून आलं असं मी पोरांना ठोकून देतो. मग 'व्हिप हँड' सांगायला सोपं जातं: ज्याच्या हाती चाबूक, त्याचं राज्य. याच छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ साली वारला, आणि गावकऱ्यांनी त्याच्या थडग्याला सत्पुरुष मानून नैवेद्य दाखवायला सुरुवात केली, असं जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदलेलं आहे. मेल्यावरही गावावर वरचष्मा ठेवणारा साहेब! मला जिवंतपणी नववी ब आवरत नाही.

तर उन्हाळ्याच्या सुट्टीत सासुरवाडीला, दौंड तालुक्यात भीमेकाठी गेलो होतो. मेहुण्याला शेळी घ्यायची होती.

"दाजी, तुम्ही नुसतं बरोबर चला. शिकलेला माणूस दिसला की हेडी जरा दबकून असतो."

इतकी कदर सासरी पूर्वी कधी झाली नव्हती. मी रात्रीच बेत आखला. नदीपलीकडं थोड्या अंतरावर पेडगाव आहे, श्रीगोंदे तालुक्यात. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्याच पावसाळ्यात तिथल्या मोगल सरदार बहादूरखानाची फजिती झाली. मराठ्यांच्या छोट्या तुकडीनं त्याला हूल देऊन तळापासून लांब पळवलं आणि मागं दुसऱ्या मोठ्या तुकडीनं त्याचा तळ साफ केला. वेड पांघरून पेडगावला जायचं ते असं. मीही बाजारात भोळा मास्तर होऊन उभा राहणार, हेडी गाफील राहणार आणि मी भाव पाडणार. अडचण एवढीच, की वेड पांघरायचं तर आत काहीतरी शहाणपण लागतं.

शेळी देखणी होती. काळीभोर, कानांवर पांढरे ठिपके. पण तिच्या शेजारीच एक बोकड बांधलेला, आणि वारा त्याच्याकडून थेट माझ्या तोंडावर. शिडाच्या जहाजांच्या लढाईत ज्याच्या पाठीशी वारा तो वरचढ, म्हणून इंग्रज खलाशी 'वेदर गेज' मिळवायला जिवाचं रान करत. हेडी वाऱ्याच्या बरोब्बर योग्य बाजूला, तंबाखू मळत. मी नाकाला रुमाल लावून, डोळ्यांतून पाणी काढत.

"गुर्जी, रडू नका. भावाचं बघू आपण," तो म्हणाला.

एवढ्यात त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून हात पुढं केला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली बोटं धरून करतात, म्हणजे भोवतीच्या चार लोकांना आकडा कळत नाही. धरली बोटं तेवढे हजार. पाचांच्या वर जायचं तर आधी पंजा, मग वरची बोटं. मेहुणा कानात कुजबुजला, "तुम्हीच घाला हात. माझा हात तो वळखतो. नवाच्या वर जायचं नाही."

'अपर हँड' हा शब्दप्रयोग बॅटच्या दांड्यावर हातावर हात चढवत नेण्याच्या पोरांच्या खेळातून आला, असं बरेच लोक सांगतात. ते खोटं आहे, शब्द त्या खेळाहून कितीतरी जुना. हे मला पक्कं ठाऊक होतं. आपल्या तळहाताला गुदगुल्या होतात हेही ठाऊक होतं, पण त्याचा उपयोग तेव्हा ध्यानात आला नाही.

उपरण्याखाली त्याचा हात आला. कासरे ओढून ओढून घट्टे पडलेला, करवतीसारखा खरखरीत. मी घाईघाईनं त्याचा पंजा दाबला आणि वर चार बोटं धरली. त्यानं मान हलवली. मग माझा पंजा दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि वरची तीन बोटं धरताना त्याचा अंगठा माझ्या तळहातावरून सावकाश फिरला. मला हसू फुटलं. हसताना मान हलली. कशी हलली ते मला सांगता येणार नाही, पण भोवतीच्या चारही लोकांनी ती होकारार्थी हललेली पाहिली.

"झाला सौदा!" हेड्यानं उपरणं झटकलं आणि शेळीचं दावं माझ्या हातात दिलं.

तेरा हजार. मेहुण्यानं आकडा ऐकला आणि कपाळाला हात लावला. "दाजी, एवढ्याला मला नको. तुम्ही घेतली, तुम्हीच न्या." आजवर माझ्यापुढं मान वर न करणारा माणूस! मी शेळी टेम्पोत घातली आणि चौफुला, न्हावरे करत शिरूर गाठलं. वाटेत तिनं माझ्याकडं पाठ केली ती केलीच.

बायकोनं अंगणात शेळीची कास पाहिली, दात पाहिले, मग माझ्याकडं पाहिलं. "माझ्या माहेरी जाऊन तुम्ही हे केलंत?" यापलीकडं ती बोलली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

रात्रभर शेळी ओरडत राहिली. पाला खाईना, पाणी पिईना. आळीतली कुत्री जागी, आळीतली माणसं जागी. उजाडताच मेहुण्याकडून हेड्याचा नंबर घेतला आणि आवाजात शक्य तेवढी जरब आणून म्हटलं, "तुमची शेळी आजारी आहे. परत घ्या."

"आजारी कशाची, गुर्जी? पोरासाठी वरडतीय. तिचं करडू हितंच हाये माझ्याकडं. तेबी रातभर वरडलं. तुम्ही इचारलंच नाही, म्हनलं गुर्जीला नुसती शेळीच पायजे."

मागं शेळीनं पुन्हा हंबरडा फोडला. शेजारच्या काकूंनी खिडकी आपटली.

"बरं, करडाचे किती घ्याल?"

"त्याचं काय एवढं," तो प्रेमानं म्हणाला, "पण गुर्जी, फोनवर बोटं कशी धरायची? तुम्हीच या एकदा बाजारला."