फेसाचा बंदोबस्त

आषाढी जवळ आली की आळंदीच्या बंधाऱ्याखाली इंद्रायणी कापूस पिंजून टाकल्यासारखी पांढरी होते. फोटो छापून येतात, मंत्री चिंता व्यक्त करतात, साहेब लोक बाटल्यांत नमुने भरतात, कुण्या कारखान्याला नोटीस जाते. माउलींची पालखी निघाली की पाठोपाठ चिंताही प्रस्थान ठेवते.

फेस कुणाचा, यावर मात्र एकमत नाही. कारखानदार म्हणतो, आमचं पाणी प्रक्रिया होऊनच बाहेर पडतं; यंत्र बंद असतं ते फक्त वीज वाचवायला. महापालिका म्हणते, एकच काठ आमचा आहे आणि घाण पलीकडून येते. पलीकडची ग्रामपंचायत म्हणते, आमच्याकडे गटारालाच निधी नाही, मैला कशानं शुद्ध करू? आणि सोसायटीतला सद्गृहस्थ वॉशिंग मशीनमध्ये पावडरचा दुसरा चमचा टाकता टाकता म्हणतो, या देशाचं काही खरं नाही.

या सगळ्यांत प्रामाणिक काय असेल तर तो फेसच. डिटर्जंट पाण्यात आधीपासून असतं. बंधाऱ्यावरून पाणी कोसळून त्यात हवा मिसळली की ते दिसू लागतं, एवढंच. वरच्या संथ पाण्यातही तोच माल असतो, पण तिथं कॅमेरा जात नाही. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते. वर हिरवळ, खाली ना ऊन, ना प्राणवायू. तुकोबांची गाथा या नदीनं तारली, अशी श्रद्धा आहे. आज कुणी गाथा बुडवू म्हटलं तर बुडणारच नाही, जलपर्णीवर अडकून बसेल. चमत्काराची गरजच उरलेली नाही.

कायदे भरपूर आहेत. राज्याचा १९६९ चा, त्यातून उभं राहिलेलं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चं, केंद्राचा कायदा १९७४ चा. आंघोळीच्या पाण्यात बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नसावा, असा निकषही आहे. वारकऱ्याला बीओडी ठाऊक नसतो. तो माउलींवर भार टाकून बुडी मारतो. माउलींवर भार टाकायची अशी सोय दुसऱ्या कुठल्या खात्याला नसेल.

दिल्लीत छठपूजेआधी यमुनेवर फेस बसवणारं रसायन फवारतात. म्हणजे रसायनावर रसायन! आपण तेवढाही खर्च कशाला करायचा? बंधाराच काढून टाकावा. पाणी कोसळणार नाही, फेस येणार नाही, प्रदूषण शून्य. अहवाल एका पानात.

राहता राहिलं पाणी. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात येते आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. सोलापूरकरांनी ते उकळून प्यावं, जंतू मरतील. कारखान्याची रसायनं मात्र उकळून जात नाहीत.