थोरल्याची सुईणगिरी

पोटात दुसरं आहे आणि पहिलं अजून अंगावर पितंय, असं दिसलं की पाचव्या महिन्यात वडीलधाऱ्या बायका बजावतात, ‘तोड गं बाई आता त्याचं, नाहीतर कळा सुरू होतील.’ दिवस भरून वर चार दिवस गेले की त्याच बायका सुचवतात, ‘घे जरा त्याला अंगावर, म्हणजे कळा सुरू होतील.’ एकच पोर एकदा आगलावं ठरतं आणि एकदा सुईण! ही भीती आणि ही आशा सख्ख्या बहिणी आहेत. दोघींनीही गर्भाशयाला विचारलेलं नाही.

दोघींचं माहेर मात्र खरं आहे. मूल ओढू लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. पान्हा त्यानेच फुटतो, कळांना जोरही तेच देतं. शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९०६ साली त्याचा हा दुसरा गुण टिपला. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘झटपट प्रसूती’. पण नाव झटपट असून भागत नाही. प्रोजेस्टेरॉन नावाचा पहारेकरी महिनोन्‌महिने गर्भाशयाला निजवून ठेवतो, आणि ऑक्सिटोसिनचा निरोप स्वीकारणारी दारं तिथे शेवटी शेवटीच भराभर वाढतात. तोवर निरोप्याने कितीही कडी वाजवावी, आत कोणी हलत नाही. म्हणूनच निरोगी गरोदरपणात पाजल्याने सहसा अकाली प्रसूती होत नाही. नवव्या महिन्यात दारं वाढलेली असतात खरी, पण म्हणून चमत्काराची अपेक्षा का धरावी?

‘पण प्रयोग झालेत ना?’ झालेत. वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००५च्या आढाव्यात स्तनांना चेतना दिलेल्या बायकांपैकी ७२ तासांत सुमारे ३७ टक्के जणींना कळा लागल्या. न दिलेल्यांत जेमतेम ६ टक्के. मात्र गर्भाशयाचं तोंड तयार नव्हतं, तिथे फरक पडला नाही. म्हणजे सुटायला टेकलेल्या गाडीला धक्का लागतो, रुतलेलीला नाही. शिवाय प्रयोगातलं काम नेमाने, घड्याळ लावून चालतं. थोरला दोन मिनिटं ओढतो, सोडतो, पोटावर पाय रोवून खिडकीतली मांजर बघतो. त्यात नवव्या महिन्यात दुधाऐवजी चीक, तोही थोडका. आणि ज्याची हक्काची जागा जाणार, त्यालाच नव्या भाडेकरूसाठी दार उघडायला लावायचं, हा कुठला न्याय?

‘मग पाजण्यात तोटा काय?’ बहुतेकींना काहीच नाही. पण रक्तस्राव होत असेल, आधीचं बाळ अकाली झालं असेल किंवा गरोदरपण जोखमीचं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी मुलाला हवं म्हणून पाजावं, कळा हव्यात म्हणून नव्हे. दिलेल्या तारखेला शंभरातली चार-पाचच बाळं येतात. उरलेली कोणाच्याही सांगण्यावरून येत नाहीत, थोरल्या भावाच्या तर नाहीच नाही.