नवोदित लेखिका ताराबाई शिंदे यांस

मु. पो. बुलढाणा, वऱ्हाड प्रांत

स. न. वि. वि.

बाई, मी इथे जयस्तंभ चौकाच्या अलीकडे, वरच्या मजल्यावर, नवोदितांसाठी लेखनकौशल्याचे वर्ग चालवतो. शनिवार-रविवार, चहासकट. चिखली, मोताळा, देऊळगाव राजा, पार मेहकरपासून मुलं-मुली येतात. त्यांतल्या एकीनं परवा तुमचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “सर, हे तपासून द्याल?” म्हटलं, गावच्याच लेखिका, त्यात पहिलंच पुस्तक, फी न घेता तपासू. तपासलं. लाल पेनाची रिफिल संपली, म्हणून उरलेलं या पत्रातून कळवतो. राग मानू नये. रागाबद्दल पुढे लिहिलंच आहे.

सुरुवातीपासून घेऊ. नवोदितानं पहिल्या पानावर वाचकाला दबकावायचं असतं. लेखक-परिचय कसा लिहावा यावर मी दोन तास घेतो. ‘बहुआयामी’, ‘शब्दप्रभू’, ‘प्रेरणादायी’ यांपैकी एक तरी विशेषण त्यात यायलाच हवं. तुम्ही काय लिहिलंत? लिहिण्याचा हा आपला पहिलाच प्रसंग, आपण मराठमोळ्या घराच्या बंदिवासात वाढलेली बाई, तेव्हा मजकूर विस्कळीत असेल आणि भाषा जहाल असेल. अहो, वाचकाला कळायच्या आत तुम्हीच सांगून मोकळ्या! बरं, एवढं कबूल केल्यावर भाषा तरी मवाळ करायची. तर तेही नाही.

विषयाचंही तसंच. माझ्याकडे सदाबहार विषयांची छापील यादी आहे: आई, पाऊस, बालपणीचा मित्र, लोणारचं सरोवर. लोणार तर आपल्याच जिल्ह्यात, फोटोही तयार मिळतात. अक्षय्य तृतीयेला भेंडवळला घट मांडून पीकपाण्याचं भाकीत सांगतात, तसं मी दर जूनला यंदा वाचक काय वाचणार याचं भाकीत वाटतो. कोर्टाचा खटला त्यात आजवर कधी आलेला नाही. तुम्ही नेमका तोच उचललात. 1881 साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, पोटचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली आणि पुढे पाच वर्षांवर. ‘पुणेवैभव’ पत्रानं त्यावरून साऱ्या बायकांच्या चालचलणुकीवर प्रवचन झोडलं. ते वाचून तुम्ही बुलढाण्यात चिडलात. ठीक आहे, माणूस चिडतो. पण चिडून लिहिलेला कागद रात्री उशाखाली ठेवायचा आणि सकाळी शांत डोक्यानं फाडायचा, हा माझ्या दुसऱ्या आठवड्याचा पाठ आहे. तुम्ही तो पुढच्याच वर्षी पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून काढलात. प्रती 500, किंमत नऊ आणे.

नऊ आणे, बाई! 1882 साली पुस्तकावर नऊ आणे कोण खर्च करणार होतं? शिकलेले, पगारदार पुरुष. बायकांत वाचता येणाऱ्या किती आणि त्यांच्या हाती पैसा किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणजे गिऱ्हाईक पुरुष आणि पानोपानी उद्धारही त्यांचाच. ‘वाचकाशी संवाद साधा’ असं मीही शिकवतो, पण त्याचा अर्थ ‘मित्रांनो’ म्हणून हळूच सुरुवात करायची, एवढाच. तुम्ही वाचकाला समोर उभं करून थेट उलटतपासणीच घेतलीत. बायको मेली तर तुम्ही लगेच दुसरी आणता. मग नवरा मेला की बाईनंच केस का उतरवायचे? तुम्हीही दाढीमिश्या काढून रानात का जात नाही? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोचे प्राण मागायला यमाच्या दारात गेलेला एक तरी पुरुष कोणी ऐकला आहे का? सभा भरवता, पागोटी घालून भाषणं ठोकता, त्यातून काय निघतं? असे प्रश्नामागून प्रश्न, आणि एकाचंही उत्तर खाली दिलेलं नाही. वाचकाला असं कामाला लावू नये. तो दिवसभराचा दमून आलेला असतो.

हा भाग मी दोनदा वाचला. दोष नीट मांडता यावेत म्हणून. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की प्रत्येक प्रश्न आधीच्या प्रश्नाच्या पाठीवर चढतो आणि मधे श्वास घ्यायला जागा राहत नाही. तुम्ही पुराणातल्या देवाधर्माच्या गोष्टी काढता आणि त्याच दमात स्वयंपाकघरातल्या बाईसारखं ठणकावता. भाषेची पातळी एक ठेवावी, हा साधा नियम. आमच्या वर्गात याचे पाच गुण कापतो.

समकालीन लेखकांशी कसं वागावं, हेही तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या त्या वेळच्या नावाजलेल्या कादंबऱ्या. त्यांत बायका कशा रंगवल्या आहेत म्हणून तुम्ही लेखकांना धारेवर धरलंत. उद्या हेच लोक कुठल्यातरी स्पर्धेचे परीक्षक असतात, बाई! आमच्याकडे एकमेकांना ‘अप्रतिम लिहिलंत सर’ एवढंच म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत जिल्ह्यात कोणाचं लिखाण वाईट निघालेलं नाही. तुमच्या या वळणाला घरही जबाबदार असावं. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क; नोकरी सांभाळून त्यांनी 1871 साली ‘हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्ह्ज’ नावाची पुस्तिका काढली. शिकलेल्यांनाच सूचना! खोड बापापासूनची.

सगळा दोष तुमच्या एकटीचाही नाही म्हणा. या मातीतच काहीतरी आहे. मेहकरचे ना. घ. देशपांडे घ्या. वकिली करत कविता लिहिल्या. ‘शीळ’ आला 1954 साली, ‘अभिसार’ 1963 साली आणि त्यापुढचा ‘खूणगाठी’ थेट 1985 साली. मधली बावीस वर्षं काय केलं? रोज 500 शब्द या माझ्या नियमानं तेवढ्यात 40 लाख शब्द झाले असते. तरी 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनाच. नियमित लिहिणाऱ्या मुलांवर याचा काय परिणाम होतो, याचा अकादमीनं विचार करायला हवा होता. अमडापूरच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’लाही 2004 साली हाच पुरस्कार मिळाला. त्यात कास्तकाराचं घर कर्जापायी विस्कटत जातं. मी शेवट सकारात्मक करायला शिकवतो.

त्यावरून आठवलं. तुमचं पुस्तक घेऊन आली ती मुलगी मोताळ्याकडची. तिनं पहिल्या दिवशी वहीत लिहून आणलं होतं: वडील सोयाबीन घेऊन मार्केट यार्डात गेले. व्यापाऱ्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळाचे दाणे काढले, एक दाताखाली फोडला, ओल आहे म्हणाला आणि भाव पाडला. खाली तिनं आख्खी काटापट्टी उतरवून काढली होती: हमाली इतकी, तोलाई इतकी, बारदान्याचं वजन वजा, हाती आले इतके. मी म्हटलं, “बेटा, आकडे काढ आणि भावना घाल.” ती म्हणाली, “कोणती, सर?” मी म्हटलं, “शेवटी लिही, बळीराजा कधी हार मानत नाही.” ती जरा थांबली. मग म्हणाली, “पण बाबानं मानली न सर. औंदा वावर मक्त्यानं देल्लं.”

अशा विद्यार्थ्यांना सुधारायला वेळ लागतो. मी काटापट्टीवर काट मारली आणि वही परत केली. पुढच्या रविवारी तिनं तोच मजकूर पुन्हा आणला. काटापट्टी जशीच्या तशी, फक्त ज्या मशिनवर ओल मोजली त्याचा आकडा जोडलेला. मशीन ओल दाखवत होतं आणि व्यापारी ती न बघता भाव सांगत होता, असं एक वाक्यही नवीन. त्यात ना विशेषण, ना सुविचार. गुण किती द्यावेत कळेना, म्हणून ‘पाहिले’ असा शेरा मारला. तुमचं पुस्तक तिनं आणलं ते त्याच्या पुढच्या आठवड्यात. या दोन गोष्टींचा संबंध असेल असं मला वाटत नाही.

प्रसिद्धीचं तर तुम्ही पूर्ण वाटोळं केलंत. पुस्तकावर टीका झाली, त्यावर तुमचा खुलासा नाही. दुसरं पुस्तक नाही. 500 प्रतींपुढं हालचाल नाही. मग 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, म्हणजे मधे 93 वर्षं. 1994 साली रोझलिंड ओ’हॅन्लन यांचं इंग्रजी भाषांतर निघालं आणि ऑक्सफर्डनं ते छापलं. माझ्या पद्धतीनं लिहिलं असतंत तर 93 दिवसांत पाच हजार वाचक झाले असते. आता ते कुठे असते हा प्रश्न वेगळा; त्याची हमी मी फीच्या पावतीवरही देत नाही.

तरी गावचं नातं म्हणून पुढच्या तुकडीत एक जागा तुमच्यासाठी राखून ठेवतो. वही, दोन पेनं आणि शांत मन आणावं. मात्र प्रमाणपत्राची एक अडचण आहे. त्यासाठी मान्यवर लेखकाची शिफारस जोडावी लागते. तुमच्या फायलीत एकच सापडते: 1885 साली जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात तुमची बाजू घेतली, ती. पण त्यात तुमच्या कौतुकाबरोबर आपल्याच मंडळींची त्यांनी इतकी कानउघाडणी केली आहे, की तिला शिफारस म्हणावं की तक्रार, हे ठरत नाही. ती ग्राह्य धरायची का, याचा निर्णय आमची समिती घेईल. समितीत सध्या मी एकटाच आहे आणि माझं माझ्याशी अजून एकमत झालेलं नाही.

कळावे, लोभ असावा,

आपला हितचिंतक,
वर्गसंचालक
(शनि-रवि, सकाळी 10 ते 12)